वाढपीण आणि नऊ कालवडी

दुग्धशाळेत तिला सगळे वाढपीण म्हणत. नाव ठेवलं गुरांच्या डॉक्टरांनी. बावीस वर्षांपूर्वी ते पहिल्यांदा वासरांच्या गोठ्यात डोकावले, तेव्हा ही बाई हातात डबा घेऊन एकेका गव्हाणीपाशी थांबत होती आणि वासरांना आग्रह करत होती, "घे गं, अजून थोडं घे. लाजतेस कशाला?" डॉक्टर हसून म्हणाले, "अहो, ही तर पंगत वाढतेय!" तेव्हापासून मालकीणबाईंसाठी ती मावशी, नवऱ्यासाठी नुसती 'अगं', आणि उरलेल्या सगळ्या जगासाठी वाढपीण.

तिला त्या नावाचा राग नव्हता. उलट आतून बरंच वाटायचं. समोर रिकामी गव्हाण किंवा रिकामं ताट दिसलं की तिच्या हाताला चैन पडत नसे. तिचा नवरा शिवणकाम करायचा. रस्त्याकडच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत घर. गल्लीत त्याला मास्तर म्हणत. लग्नानंतर मास्तरांनी स्वतःच्या पँटी तीनदा उसवून सैल केल्या होत्या आणि चौथ्यांदा कापडच उरलं नव्हतं. एकुलती एक मुलगी मात्र आईच्या आग्रहाला पुरून उरली. काडीसारखी राहिली, पण बापाच्या खांद्याच्या वर गेली. आता ती दुसऱ्या गावी दवाखान्यात नोकरीला होती आणि फोनवर आईचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "जेवलीस का?"

गोठ्यातलं काम तसं साधं आणि कंबरडं मोडणारं. वासरू चार दिवसांचं झालं की आईपासून वेगळं होऊन वाढपिणीकडे येई. त्याला बादलीतून प्यायला शिकवायचं म्हणजे आपली दोन बोटं दुधात बुडवून त्याच्या तोंडात द्यायची आणि ते चोखायला लागलं की हळूच हात बादलीत खाली न्यायचा. बावीस वर्षं चोखून घेतल्यामुळे तिच्या उजव्या हाताची ती दोन बोटं कानशीसारखी खरखरीत झाली होती. पुढे दूध तोडायचं, चाऱ्यावर आणायचं, वाढवायचं, आणि कालवड गाभण राहिली की पलीकडच्या गोठ्यात पाठवून द्यायचं. तिथे तिचं काम संपलं. पण जेवणाच्या सुट्टीत ती पलीकडे जाऊन आपल्या पोरींकडे बघून आल्याशिवाय राहत नसे.

वाढायचं ते आपल्या हातानं, मग वाढतं ते वासराचं अंग. या दोन गोष्टी एकच, असं तिचं पक्कं मत होतं. भाषेनंच दोन्हींना एक शब्द दिलाय, तर आपण कशाला वेगळं काढा?

चार वर्षांपूर्वी दुग्धशाळेत मुरघासाचा खड्डा आला. हिरवा मका बारीक कापायचा, खड्ड्यात दाबून भरायचा, वरून कागदानं झाकून हवा बंद करायची. आंबला की वर्षभर पुरतो. मग लसूणघासाच्या हिरव्या चाऱ्याचं वावर कशाला ठेवायचं? त्याची महिन्या-महिन्याला कापणी, रोजची वाहतूक, सतराशे साठ कटकटी. ते मोडून तिथेही मकाच लावला. वासरांना मुरघासाचा आंबूस वास इतका आवडला की पाटी दिसताच ती खुंट्याभोवती नाचायला लागत. जोडीला मक्याचा भरडा होताच. सहा महिन्यांत कालवडी गोल झाल्या, पाठी चकाकायला लागल्या. बघायला येणारे म्हणत, "काय भरल्यात हो!" आणि वाढपिणीची मान ताठ होई. आता यात तिचं काय चुकलं म्हणा. तिच्या जागी कुणीही असतं तरी फुगलंच असतं.

त्या खड्ड्यावर वाढलेल्या तीन कालवडी गेल्या हंगामात व्यायल्या. पहिल्या दोघींनी जेमतेम वासरापुरतं दूध दिलं. तिसरी ढब्बी. सगळ्यांत गोल, सगळ्यांत लाडकी. दुपारी दोनच्या सुमारास ती बसली आणि संध्याकाळ झाली तरी तिची सुटका होईना. डॉक्टर खांद्यापर्यंत हात घालून झटत होते, दोन गडी दोर ओढत होते आणि वाढपीण ढब्बीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. वासरू निघालं ते मेलेलं. ढब्बी पुन्हा उभी राहिलीच नाही. तिसऱ्या दिवशी तीही गेली.

त्या दिवशी हात धुताना डॉक्टर चिडून म्हणाले होते, "बाहेरून म्हैस नि आतून शेळी! नुसती चरबी. कमरेचं हाड रुंदच झालेलं नाही, वासरू यायचं कुठून?"

वाढपिणीला ते ऐकू गेलं, पण अर्थ डोक्यात शिरला नाही. तिच्या डोळ्यांसमोर फक्त ढब्बीचं डोकं होतं.

पुढच्या आठवड्यात मालकीणबाई वासरांच्या गोठ्यात आल्या. बाई करड्या होत्या, पण कुणाचा पाणउतारा करणाऱ्या नव्हत्या. म्हणाल्या, "मावशी, तुम्हाला दोष देत नाही मी. पण आपल्याला कालवडी वाढवणं जमत नाहीये. यापुढे तयार कालवडी बाहेरून आणू. या गोठ्यात पेंढ्या ठेवता येतील."

"आणि या नऊ जणी?" वाढपिणीनं विचारलं. दावणीला तेव्हा आठ महिन्यांच्या नऊ कालवडी होत्या.

"या सोळा महिन्यांच्या होऊ देत. डॉक्टर तपासतील. नवातल्या सहा जरी गाभण करायच्या लायकीच्या निघाल्या, तर गोठा चालू ठेवू. नाहीतर यांना विकू आणि तुम्ही दूधखोलीत या, कॅन धुवायला."

कॅन धुणं काही वाईट काम नाही. सावलीत असतं, शिंगं लागत नाहीत. पण कॅनला 'घे गं, अजून थोडं घे' म्हणता येत नाही.

मग तिनं केलं काय? तिला जे येत होतं तेच. भरड्याचा डबा आणखी काठोकाठ भरायला लागली. वासराचं वजन छातीच्या घेरावरून काढतात, हे तिनं डॉक्टरांकडून कधीतरी ऐकलं होतं. तेव्हा दुकानातली एक जुनी टेप उचलली, मास्तरांच्या गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीत मागची चार पानं घेतली आणि दर पंधरा दिवसांनी नऊ जणींच्या छात्या मोजायला लागली. आकडे सरसर वर चढत होते. दोन महिन्यांत ती इतकी खूश झाली की तिनं मालकीणबाईंना जाऊन सांगितलंसुद्धा, "बाई, बघाच तुम्ही!"

एके दिवशी मास्तर कुणाचं तरी माप शोधताना वहीच्या मागच्या पानांवर पोचले. जेवायला बसल्यावर त्यांनी विषय काढला.

"अगं, या सगळ्यांच्या छात्याच लिहिल्यात तू. उंची कुठाय?"

"वासरांना पँट शिवायचीय का तुम्हाला?"

"पँट नको. पण छाती तीन इंचांनी वाढली म्हणजे गिऱ्हाईक वाढलं की सुटलं, ते मला कसं कळणार?"

"तुमचं गिऱ्हाईक असेल. माझ्या कालवडी आहेत त्या."

मास्तरांनी घास गिळला आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट केलं. चौकटीवर मुलीच्या उंचीच्या खडूच्या खुणा होत्या. वर्षानुवर्षं त्या कुणी पुसल्या नव्हत्या. "आपल्या पोरीचं काय मोजत होतो आपण तिथे? छाती?"

वाढपिणीनं त्यांच्या ताटात आणखी वाढलं. तेही त्यांनी न मागता.

सुट्टीच्या दिवशी मास्तर आपली लाकडी मीटरपट्टी एका काठीला बांधून, वर काटकोन्या धरून गोठ्यात हजर झाले. खांद्यापाशी, जिथे मान संपून पाठ सुरू होते, तिथे प्रत्येकीची उंची मोजली. एकशे दोन, एकशे एक, एकशे दोन. महिन्यानं पुन्हा मोजली. छात्या चार-चार सेंटिमीटरनं पुढे गेल्या होत्या, उंची एकानं. दोघींची तर तेवढीही नाही.

"ही वाढ नव्हे," मास्तर म्हणाले, "हे शिवण उसवून सैल करायचं काम आहे."

दूध काढणारे गडी फिदीफिदी हसले. वाढपिणीच्या अंगाचा तिळपापड झाला. दोन दिवस ती नवऱ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी वही घेऊन ती गुपचूप डॉक्टरांकडे गेली, कारण ढब्बीच्या वेळचं ते वाक्य आता कुठे तिच्या डोक्यात शिरलं होतं.

डॉक्टरांनी पानं उलटून पाहिली, मग तिच्याकडे पाहिलं. "हे उंचीचं कुणी सुचवलं?"

"घरातल्या शहाण्यानं."

"त्याला माझा नमस्कार सांगा. ऐका मावशी. मक्यानं जोर येतो, चरबी येते. हाड आणि मांस उभं करायला प्रथिनं लागतात. ती मुरघासात कमी, भरड्यात कमी. तुम्ही जेवढं जास्त वाढताय तेवढी चरबीच जास्त. ती कासेतही बसते. मग पुढे दूध कुठून येणार?"

"मग करू काय?"

"भरडा निम्म्याच्याही खाली आणा. सोयाबीनची पेंड सुरू करा, मोजून. मुरघास अर्धा. आणि लसूणघास परत लावायला सांगा बाईंना. हिरवा द्या, जास्तीचा वाळवून ठेवा. पानं झडू देऊ नका, सगळं सत्त्व पानांत असतं."

मालकीणबाईंनी कुरकुर करत शेडमागचं एक वावर लसूणघासाला दिलं आणि तो कापणीला येईपर्यंत शेजारच्या शेतावरून वाळला घास मागवला. पेंडीचं पोतं आलं. सगळं जुळून आलं, अडलं ते फक्त वाढपिणीच्या हातापाशी. हात आखडता घ्यायचा, तोही आपल्याच पोरींपुढे! भरड्याचा डबा अर्धा भरून ती गव्हाणीपाशी गेली की नऊ जणी माना लांब करून हंबरत. पेंड हुंगून नाक मुरडत. घास तोंडात घेऊन खाली टाकत. तिला ते बघवेना. पहिले आठ दिवस ती घरी येऊन स्वतःही धड जेवली नाही.

महिन्याभरात पाठीची चकाकी उतरली, बरगड्या पुसटशा दिसायला लागल्या. मालकीणबाई थबकल्या. "मावशी, या वाळल्यात की!"

"मोजून बघा, बाई," तिनं छातीठोकपणे सांगितलं. आतून ती भ्यायली होती. पण काठी लावली तर आकडे बोलले. तीन सेंटिमीटर, अडीच, तीन. गड्यांचं हसणं बंद झालं. पुढच्या महिन्यात पुन्हा तसंच. कालवडी लांबट, उंच, थोड्या बेढब दिसायला लागल्या. वयात येणाऱ्या पोरी दिसतात तशा.

आणि इथेच वाढपिणीनं माती खाल्ली.

नवांत एक होती चिमटी. ढब्बीची सख्खी धाकटी बहीण. तेच कपाळ, तेच ओले डोळे, हंबरणंही तसंच, शेवटी जरा फाटणारं. भरडा कमी झाल्यावर बाकीच्या आठ जणी दहाबारा दिवसांत पेंडीला आणि घासाला सरावल्या. चिमटी सरावली नाही. ती नुसती उभी राहून वाढपिणीकडे बघत राहायची. वाढपिणीच्या कामाच्या झग्याला दोन मोठे खिसे होते, मास्तरांनीच शिवलेले. एका सकाळी तिनं डाव्या खिशात दोन ओंजळी भरडा घेतला आणि कुणाचं लक्ष नसताना चिमटीपुढे धरला. एकदाच, असं मनाशी म्हणाली. संध्याकाळी पुन्हा एकदाच म्हणाली. मग म्हणायचंही सोडलं आणि ओंजळीही मोजायच्या सोडल्या.

भरड्यानं पोट भरलं की चिमटी घासाकडे ढुंकूनही बघत नसे. तिचा घास शेजारणी ओढून खात. आणि मापाच्या दिवशी तर पंचाईतच. काठी घेऊन वाढपीण जवळ आली रे आली की चिमटी पुढे घुसून डाव्या खिशात नाक खुपसायची. सरळ उभीच राहायची नाही. मास्तरांना दुकानात हंगामाची गर्दी, त्यामुळे मापं आता वाढपीणच घेत होती. आठ जणींची ती काठीनं घेई आणि चिमटीपुढे शेजारणीला बघून आकडा टाकी. डोळ्यांना तर सारखीच दिसत होती. ज्या डोळ्यांनी ढब्बीला भरलेली म्हटलं होतं तेच डोळे ते, पण हे तिच्या लक्षात आलं नाही, की तिनं येऊ दिलं नाही, कोण जाणे.

सोळावा महिना लागला. ठरल्याप्रमाणे डॉक्टर आले, मालकीणबाई आल्या. मास्तरही दुकान बंद करून काठी घेऊन आले होते. डॉक्टरांनी हद्द सांगितली होती, एकशे चौदा. पहिली कालवड एकशे पंधरा. दुसरी एकशे सोळा. डॉक्टर प्रत्येकीच्या कमरेवरून हात फिरवत, कासेपाशी चाचपून बघत आणि मान हलवत. सहावी झाली तेव्हा मालकीणबाई म्हणाल्या, "झाल्या की सहा." सातवी, आठवीही झाली. गोठा वाचला होता. वाढपिणीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं आणि तिनं ते खरखरीत बोटांनी पुसलं.

राहिली चिमटी. वहीत तिच्यापुढे एकशे पंधरा लिहिलेलं होतं. मास्तरांनी तिला दोन्ही हातांनी धरून सरळ उभी केली, काटकोन्या टेकवला, पट्टीवर वाकले. पुन्हा वाकले.

"एकशे सात," ते हळूच म्हणाले आणि त्यांनी वहीकडे पाहिलं. चाळीस वर्षांत मास्तरांनी अंदाजानं माप कधी लिहिलं नव्हतं.

डॉक्टरांनी चिमटीची कास चाचपली आणि त्यांचा चेहरा पडला. "चरबी. ही कशी मागे राहिली? दावण एक, चारा एक. आजारी होती का मधे?"

आता गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. आठ जणी पास होत्या, गोठा शाबूत होता. आजारी होती म्हटलं असतं तर कुणी तपासायला जाणार नव्हतं. चिमटीनं तेवढ्यात मान वळवून तिच्या डाव्या खिशात नाक खुपसलं.

"आजारी नव्हती," वाढपीण म्हणाली. "चोरून भरडा देत होते मी. ढब्बीसारखी दिसते म्हणून. वहीतला आकडाही मनाचा आहे." तिनं चिमटीचं नाक बाजूला सारलं. मग म्हणाली, "मी वाढलं तिला. म्हणून ती वाढली नाही."

कुणी हसलं नाही. मालकीणबाईंनी डॉक्टरांना विचारलं, "हिला विकायची मग?"

"चार महिने द्या," डॉक्टर म्हणाले. "हाड अजून पक्कं झालेलं नाही. उंची निघेल थोडी. कासेत बसलेली चरबी जाईल असं मी सांगत नाही, ते झालं ते झालं. पण वेताला तरी जगेल. भरडा मात्र बंद, एक दाणा नाही."

मालकीणबाई वाढपिणीकडे वळल्या. "मावशी, तुमच्याच्यानं होईल?"

"होईल," ती म्हणाली. पण आवाज तिचा तिलाच खरा वाटला नाही.

घरी आल्यावर तिनं झगा काढला आणि मास्तरांच्या मशीनवर ठेवला.

"हा खिसा शिवून टाका."

"कुठला?"

"डावा. वरून. पक्का."

मास्तरांनी दिवा ओढून घेतला, दोरा ओवला आणि खिशाचं तोंड दोनदा टीप मारून बंद केलं. मग वही उघडून चिमटीपुढचा आकडा तिच्यापुढे सरकवला. तिनं तो खोडून एकशे सात लिहिलं, आणि त्याच्या आधीच्या महिन्यांचे आकडेही खोडले. तिथे काय लिहायचं हे तिला माहीत नव्हतं, म्हणून त्या जागा रिकाम्या ठेवल्या.

सकाळी ती लसूणघासाची पेंढी घेऊन गव्हाणीपाशी गेली. चिमटीनं नेहमीसारखं नाक डाव्या कुशीला लावलं. बंद शिवणीवर घासलं, ढुसणी दिली, मागे सरून पुन्हा ढुसणी दिली. मग मान वर करून शेवटी फाटणाऱ्या आवाजात ढब्बीसारखी हंबरली. वाढपिणीनं दोन्ही हातांनी घास घट्ट धरून ठेवला, कारण हात मोकळे राहिले असते तर ते कुठे गेले असते ते तिला ठाऊक होतं.

"नाही," ती म्हणाली. बावीस वर्षांत त्या गोठ्यात तिनं हा शब्द पहिल्यांदा उच्चारला.

ऊन दारातून पहिल्या गव्हाणीपर्यंत आलं, मग दुसरीपर्यंत. शेजारणी आपापला घास संपवून रवंथ करायला लागल्या. चिमटीनं पेंढीचं एक पान ओढलं, चघळलं, आणि दुसरं ओढलं.